वन्संनी जॅक कसा निवडला

…आणि विटांचं काय सांगावं, आज दगड, उद्या भुगा. तेच झालं, अगं. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, दिवसभर शर्ट शिवायच्या आणि कापडाचे गठ्ठे मोटरसायकलवरून आणायच्या. गाडीचं सगळं स्वतःच करायच्या, घरासमोर विटांवर चढवून. त्या दिवशी मागचं चाक काढत होत्या, मी हँडल धरून उभी. खालची वीट फुटली आणि गाडी धाडकन खाली! हात निघाला म्हणून निघाला. नख तेवढं काळंनिळं झालं. कात्री धरायचा हात गं तो. तोच गेला असता तर खायचं काय?

तुझे आजोबा म्हणाले, "मेकॅनिककडे टाक ना गाडी."

"तो ठेवून घेईल चार दिवस. तोवर गठ्ठे काय तू डोक्यावर आणशील, दादा?"

मग आम्ही तिघं गाडी घेऊनच गेलो, ती उचलायचा जॅक बघायला.

दुकानदारानं लालभडक, चकचकीत जॅक काढला. "ताई, हा न्या. कापसासारखी उचलतो."

उचलली खरी. दांडा मारला की वर, दांडा मारला की वर. आजोबांचा हात खिशात गेला, तर वन्संनी पिशवीतून कापडावर आखायचा खडू काढला आणि सीटच्या बरोबरीनं खांबावर रेघ ओढली. "आता थांबू."

"कशाला?"

"कापड आटतं का, ते भिजवल्यावरच कळतं."

थांबलो. दुकानदार गिऱ्हाइकांशी गोड बोलतोय आणि मधूनच आमच्याकडे डोळे वटारतोय. आजोबा माझ्या कानात म्हणाले, "ही आज इथंच मुक्काम करणार." मला कुठलं हसू येतंय! रेघेकडे बघून बघून डोळ्यांत पाणी आलं. आणि खरंच गं, सीट खाली उतरली. चांगली बोटभर.

"एवढं चालतं हो," तो म्हणाला.

"मग घाला हात खाली."

"माझा कशाला?"

"मग माझा कशाला?"

तो तणतणत आत गेला आणि दुसरा घेऊन आला. कळकट, जड धोंडा. पण बूड रुंद, आणि बाजूला दात्यांची पट्टी, तिच्यात अडकणारा लोखंडी खटका. गाडी वर घेतली, खटका लावला. वन्संनी गाडी गदागदा हलवली. जॅक ढिम्म. हे जॅक आतल्या तेलाच्या दाबावर गाडी उचलतात, तर त्यांनी ते तेल सोडायचा स्क्रूच सैल केला! म्हणजे आता तेलाचा आधार संपला बघ. गाडी कचकन खाली आली, मी किंचाळले. पण खटक्यावर येऊन अडली ती अडलीच.

वन्संनी नुसतं दुकानदाराकडे बघितलं. आता सगळं दुकान बघायला लागलेलं. त्यानं बाही सारली, उकिडवा बसला आणि हात आत घातला.

"काढा आता," वन्सं म्हणाल्या. "हाच बांधून द्या."

घरी पहिल्यांदा चाक काढलं तेव्हा मला धरायला बोलावलंसुद्धा नाही. मी आपली दारात उभी, नजर खटक्यावर. चाक निघालं, परत बसलं, हात शाबूत. तेव्हा कुठं मी आत जाऊन पाणी प्यायले.

तुझ्या मामानं फोटो बघून जॅक मागवलाय म्हणे. त्याला आत्ताच फोन कर आणि सांग, खटका नसेल तर परत पाठव म्हणावं, आणि असला तरी तो बसलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय खाली हात घालू नकोस.