आशा कधीपासून नाही?

"सर, तुम्ही बाहेर बसा. स्वल्प वेळ लागेल," असं म्हणून डॉक्टरीणबाई तपासायला आलेल्या बाईच्या नवऱ्याला उठवत, आतून कडी लावत आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसत.

मुलांनो, तुम्ही आता मोठे झालात, म्हणून लिहिते. निवृत्तीनंतर मी दुपारी मल्लेश्वरममधल्या त्यांच्या दवाखान्यात मदतीला जात असे. त्या धारवाडकडच्या. कन्नडमध्ये इच्छेला 'आसे' म्हणतात, त्यामुळे मराठी बायकांना त्या विचारत, "आशा कधीपासून नाही?"

"डॉक्टर, इच्छा म्हणा. आशा वेगळी," मी एकदा सुचवलं.

"असू द्या, अक्का. इच्छा म्हटलं की बायका खाली बघतात. आशा म्हटलं की बोलतात."

बोलत खरंच. एकीला नवरा पलीकडच्या खोलीत मित्रांशी मोकळा हसला की हवासा वाटे. दुसरी म्हणाली, "त्यांनी न सांगता कुकर लावला ना, त्या दिवशी!" डॉक्टर एवढ्या हसल्या की बाहेर बसलेला नवरा दचकला.

"सगळे गोळी मागतात," त्या म्हणत. "आधी दमणूक बघायची, राग बघायचा, भीती बघायची."

व्हाइटफील्डचं एक जोडपं आलं. नवरा गोड बोलणारा. "हिला इंटरेस्टच नाहीये, डॉक्टर. काहीतरी टॅबलेट द्या." बायकोचा फोन त्याच्याच खिशात होता. तो बाहेर गेला, पण दाराखालच्या फटीत त्याचे बूट तसेच दिसत राहिले.

डॉक्टरांनी खालच्या आवाजात नेहमीचा प्रश्न विचारला. ती बुटांकडे बघत पुटपुटली, "त्याची किल्ली कुलपात फिरली की अंग दगड होतं."

"आणि कधी होत नाही?"

"तो टूरवर होता. गच्चीत कपडे वाळत घालताना वारा आला. तेव्हा वाटलं... अंग माझं आहे. कुणीतरी जवळ घ्यावं असंही वाटलं."

"मग तुमच्यात काही बिघडलेलं नाही, मगळे," डॉक्टर म्हणाल्या. मगळे म्हणजे मुली. नवऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "अशक्तपणा आहे. माहेरी विश्रांती."

ती गेली ती परतली नाही. माहेरीही राहिली नाही. कुठे आहे, ते फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं.

तो आला. "तिला काय शिकवलंत?"

"शिकवलं नाही. विचारलं."

मग रोज दुपारी तो समोरच्या कॉफीच्या दुकानापाशी उभा राहू लागला. पोलिसांनी समज दिली, तर फुटपाथ बदलला. एका सोमवारी दवाखाना उघडलाच नाही. डॉक्टर कुठे गेल्या, हे त्यांनी मलाही सांगितलं नाही. न सांगता गेल्या, याचा मला राग आला होता.

परवा भाजी घेऊन निघाले, तर मागून कुणीतरी माझी पिशवी हातातून घेतली. "जड आहे, आंटी." तोच. तसाच गोड.

"डॉक्टर हल्ली कुठे असतात?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. डॉक्टरांवरचा माझा राग तिथेच गेला.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पिशवी काही परत दिली नाही.

"चला," तो म्हणाला, "घरापर्यंत सोडतो."