पाव्हणं भोकं बुजवत्यात

लोक कामावरून घरी येताना भाजी आणतात, मी किस्से आणतो. न मागता साठत जातात. बायको चहा टाकतानाच विचारते, "आज कोणी काय कोंबलं?"

माझं काम सोपं आहे. भिंतीतून पाइप, वायरी गेल्या की आजूबाजूला फट राहते. आग लागली की धूर त्याच फटीतून पुढच्या खोलीत शिरतो. म्हणून ती न जळणाऱ्या मालाने बंद करायची. याला फायरस्टॉपिंग म्हणतात. आमचे दाजी मात्र जामखेडभर सांगतात, "आमचं पाव्हणं नगरला भोकं बुजवत्यात!"

यंदा नगरमध्येच मुलींच्या हॉस्टेलचं काम मिळालं, आणि माझी भाची पिंकी तिथेच राहायला येणार! तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. दाजी आधीच नाखूश. त्यात खाली मेसचा जाळ, वर पोरी झोपणार. फोनवर म्हणाले, "मी सोता येऊन बघनार. पटलं तर ठिवीन, न्हाईतर पोरगी त्याच गाडीनं माघारी!"

मागून पिंकी ओरडली, "मामा, नीट बुजवा बरं का!"

*

पहिल्याच दिवशी एक भिंत बघितली. पाइपाभोवती इतकं सुबक प्लास्टर, की मी गवंड्याची पाठ थोपटणार होतो. सवयीने पेचकस टोचला. सर्रकन आत! ओढलं तर सिमेंटची रिकामी गोणी निघाली. तिच्यामागे रद्दी पेपर. त्याच्यामागे टॉवेल!

मी कडाडलो, "अरे, हे सगळं पेटतं रे! काय कोंबायचं याला काही धरबंध?"

गवंड्याने टॉवेल झटकला. "लई उपकार झाले सायेब! ह्यो मी कवाधरनं हुडकतोय!" आणि खांद्यावर टाकून गेला की हो निघून!

*

मग फोमचं प्रकरण. आमचा माल आगीत फुगतो आणि फट बंद करतो. सुपरवायझर गोरखने मात्र दारं-खिडक्या बसवायचा साधा पिवळा फोम आणला आणि मारत सुटला. "सेमच असतोय सर!"

म्हटलं, चल बाहेर. एक तुकडा विटेवर ठेवून काडी लावली. भप्पकन पेटला!

गोरख मागे सरकला आणि माझ्यावरच चिडला, "पेटवल्यावर कायपण पेटणारच ना, सर!"

*

एका सकाळी जाऊन बघतो तर कॉरिडॉरला झकास फॉल्स सिलिंग! वरच्या भिंतीतली भोकं मात्र तशीच उघडी. मी पीओपीवाल्याला धरलं, "अरे, आधी मला विचारायचं ना! वर सगळी भोकं आहेत!"

"म्हणून तर घाईनं झाकलं सर," तो म्हणाला, "तपासणीला साहेब येणारेत ना!"

कप्पाळ! सगळं सिलिंग उतरवायला लावलं.

*

जिन्याच्या तोंडाशी फायर डोअर बसवलं. ते आपोआप लागलं पाहिजे, तेच त्याचं काम. वॉचमन नानांनी म्हशीचं दावं आणून ते कडीला करकचून बांधलं. वर माझ्याकडेच तक्रार!

"दार बिघडलेलं आलंय सायेब. कितींदा उघडलं तरी आपलं लागतंयच! बांधल्यापास्नं गुनात हाय."

*

आणि एक दिवस दाजी आले, ताईला आणि पिंकीला घेऊन. घोडेगावच्या बाजारात बैल घेताना फिरतात तसे बिल्डिंगभोवती फिरले. भिंतींवर थापा मारल्या. सर्टिफिकेट दाखवलं तर बघेनात. "कागद ऱ्हाऊ द्या पाव्हणं. धूर येतो का न्हाई ते दावा."

ताईची वेगळीच घाई. नवीन जागा, पोरीची दृष्ट काढायची. तिने मीठ-मिरच्या पिंकीवरून उतरवल्या. त्या दाजींनी हातातून घेतल्या. मजुरांच्या चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, घमेलं पाइपांच्या डक्टमध्ये तळाशी ठेवलं आणि मिरच्या वर टाकल्या. ही डक्ट म्हणजे खालपासून गच्चीपर्यंत उभा बोगदाच, आणि मजल्यामजल्यावर तिच्यातून खोल्यांत पाइप गेलेले. खालचं दार लावलं आणि आम्ही सगळे पळत पिंकीच्या खोलीत.

पाइपापाशी नाकं लावून उभे राहिलो. एक ठसका लागला की पोरगी जामखेडला!

कोणी खोकेना. कोणी शिंकेना.

ताईने तोंडावर हात ठेवला, "अगं बाई, मिरच्यांचा ठसकाच न्हाई! केवढी दिष्ट लागली हुती माज्या लेकराला!"

पिंकी हसून हसून खाली बसली. तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला. खोलीतून नाही, भिंतीतून!

दाजी दचकले. "पाव्हणं, भितीत कोन हाय?"

आतून सणसणीत शिंक. मग शिडीवर धडाधड पाय वाजले, वर वर जाणारे. जरा वेळाने गच्चीच्या जिन्याने आमचा प्लंबर खाली उतरला. हातात छिन्नी-हातोडा, डोळे लालभडक, नाकातून धार.

"सर, गिझरचा एकच पाइप राहिलेला... आता भोक पाडणारच होतो..." पुढचं खोकल्यात गेलं.

मी त्याच्यावर धावून जाणार, तर दाजींनी मला हाताने अडवलं. प्लंबरच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. मग पुन्हा पाइपाच्या कडेला नाक लावून लांब श्वास घेतला.

"पिंके," ते म्हणाले, "खाली टेम्पोत तुजी गादी हाय. वर आन."