वाचलं, पण कळलं नाही

काल लेकीच्या कोऱ्या पुस्तकाचा वास घेतला आणि केजच्या कॉलेजातला पहिला आठवडा आठवला. अर्थशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला एक उतारा वाचायला दिला होता. ज्याला अर्थ सांगता येणार नाही, त्याने विषय बदलायचा. पहिली पाळी माझी. मी न अडखळता वाचला.

“आता तुझ्या शब्दांत सांग,” सर म्हणाले.

वडिलांनी बजावलं होतं, “जमत नसंल तर मेंढरांमागं चल.”

“सर, वाचता आलं, पन कळलं न्हाई.”

सरांनी चष्मा काढला. “उद्या अर्धा तास आधी ये.”

जीपमधून घरी जाताना वाटलं, सगळ्यांत अडाणी मीच. दुसऱ्या दिवशी लवकर पोहोचले, तर माझ्याआधीच अकरा जण आपापला उतारा घेऊन येऊन बसले होते.