बंद मशीनजवळ कान

माझा मेहुणा निंबोल्याचा केळीवाला, शिवाय बुऱ्हाणपुरातल्या आमच्या समाजाच्या गुणगौरव समितीचा अध्यक्ष. त्यानं यंदाच्या यादीतून माझ्या मुलीचं नाव उडवलं. हे कळलं कधी? समारंभाच्या दिवशी, इतवाऱ्यातल्या हॉलवर, मुलगी आईची पैठणी नेसून उभी असताना. या सत्कारासाठी बिचारी दोन गाड्या बदलून आली होती.

"दाजी, नाराज नका होऊ," मेहुणा म्हणाला, "पण पोरीनं आजतक शोधलं काय?"

मुलगी अणुभट्टीजवळच्या प्रयोगशाळेत काम करते. भट्टीतून न्यूट्रिनो नावाचे कण सारखे बाहेर पडतात आणि भिंतीतून, माणसातून आरपार जातात. क्वचित एखादा अणूच्या केंद्रकावर आपटतो आणि ते अख्खं केंद्रक इवलंसं हलतं. एका अतिथंड स्फटिकात ते हलणं पकडायचं, हे तिचं काम.

"मामा, मध्यंतरी भट्टी बंद होती, तेव्हाही आम्ही मोजतच होतो," ती उत्साहानं सांगायला गेली.

"घ्या! भट्टी बंद, कण नाही, और मोजणी चालू! मोटार बंद असताना मी ठिबकचं पाणी मोजत बसू का गं?"

हॉलमधली माणसं हसली. मुलगी पदराच्या काठाशी चाळा करू लागली.

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं मी कागद मिलमध्ये काढली. बेअरिंग बिघडलंय का हे बघायला लाकडी दांड्याचं एक टोक त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला. "आणि मशीन बंद असतानाही आम्ही दांडा लावायचो!" मी ओरडलो. "शेजारच्या पंपाची घरघर आधी ओळखल्याशिवाय बेअरिंगची कुरकुर कळणार कशी? ठिबक मोजतोय म्हणे!"

भाषण झकास झालं. मेहुण्यानं शांतपणे फाइलमधून मुलीच्या नावाचा अर्ज काढला.

"दाजी, हे अक्षर कोणाचं?"

माझंच. लोधीपुऱ्यातल्या घरी, चहा पिता पिता, मुलीला न विचारता अर्ज मीच भरला होता. 'विशेष यश' या रकान्यात लिहिलं होतं : अजून काहीच नाही.

मुलीनं ते वाचलं. मी घाईघाईनं पेन काढलं.

"खोडू नका, बाबा," ती म्हणाली. "दांडा लावून काहीच ऐकू आलं नाही, तर तुम्ही मिलच्या रजिस्टरात काय लिहायचात?"

"ऐकलं. आवाज नाही."

"मग इथं 'ऐकलं' तेवढं लिहायचं राहिलंय. खाली लिहा."

मी लिहिलं, सहीही ठोकली. मेहुणा म्हणाला, यादी छापून झालीय.

तिचं नाव पुकारलं गेलं नाही. तिसऱ्या रांगेत बसून ती सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत राहिली. मेहुण्याशी मी अजून बोलत नाही. बायको म्हणते, अबोला धरायचाच तर आधी स्वतःशी धरा.