बिछान्याखालचं ओझं

इंग्लंडमधल्या हल शहरातला निवृत्त बसचालक क्लिफर्ड गाडीमागे ओढायच्या कॅरव्हॅनमध्ये किटलीसुद्धा वजन केल्याशिवाय ठेवत नसे. या जुलैत सुट्टीसाठी समुद्रकाठच्या व्हिटबीला निघताना त्यानं स्वतःचे मासेमारीचे गळही घरीच ठेवले. तरी वाटेतल्या वजनकाट्यावर कॅरव्हॅनचं वजन मर्यादेपेक्षा साठ किलो जास्त भरलं.

"काटाच बिघडलाय," तो बायकोला, ग्लेनिसला, म्हणाला.

त्यानं बिछान्याखालचा कप्पा उघडला. आत तिचे हिवाळी कोट, शिवणयंत्र, तिच्या आईच्या कपबशा.

"उन्हाळ्यात कोट कशाला गं?"

"मी परत येणार नाही, क्लिफर्ड. व्हिटबीला बहिणीकडेच राहणार."

"आणि हे सामान मीच ओढत न्यायचं होतं?"

ती रडू लागली. त्यानं सगळं खाली उतरवलं, मेहुणीला फोन करून बोलावलं, ती येईपर्यंत थांबला आणि एकटाच माघारी फिरला.