भट्टी नसलेला कारखाना

मेथीची जुडी हातात आली की काका आधी ती उलटी करायचे. पानांकडे न बघता मुळं चाचपायचे. एखादी बारीक गाठ सापडली की अंगठ्याच्या नखानं फोडून डोळ्यांजवळ न्यायचे. निजामपुऱ्यातली गुजराती भाजीवाली वैतागायची, "काका, भाजी जुओ ने! मूळियां शुं जुओ छो?"

"अंदरथी गुलाबी छे, बेन!" काका एवढ्या मोठ्यानं सांगायचे की चार गिऱ्हाइकं वळून बघायची.

मोठ्यानं बोलणं ही काही त्यांची हौस नव्हती. खताच्या कारखान्यात, अमोनिया प्लांटच्या घरघरीत सारी नोकरी झाली, आणि निम्मे कान तिथेच राहिले. समा भागातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. मी शाळेत गणित शिकवते. मातीतलं मला ओ की ठो कळत नाही. कुंपणावरून हाक मारून नको असलेलं ज्ञान देणारा शेजारी तुम्हालाही भेटला असेल. काकांचं ज्ञान मात्र मला हळूहळू हवंसं वाटू लागलं.

"हवेत नायट्रोजन रग्गड, पण झाडाला तो तसाच खाता येत नाही," ते सांगायचे. "तो पकडायला आम्ही शेकडो डिग्री तापवायचो, केवढा दाब द्यायचो! आणि हे जिवाणू बघा. मेथीच्या, चवळीच्या मुळावर गाठीत राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नायट्रोजन देतात. गाठ आतून गुलाबी दिसली की समजायचं, कारखाना चालू. आवाज नाही, भट्टी नाही!"

हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं होतं. "एवढी वर्षं नोकरी केली, पण मला कुणी सांगितलं नाही हो," असं म्हणून ते लहान मुलासारखे हसायचे.

सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. गटाराच्या खोदकामातली माती तिथे टाकलेली, गवतसुद्धा धड उगवेना. कमिटीनं तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायचं ठरवलं. काका मीटिंगमध्ये उभे राहिले, "मला एक वर्ष द्या. माती जिवंत होते की नाही ते दाखवतो." सेक्रेटरी जयेशभाईंनी हसत हसत होकार दिला.

पाऊस स्थिरावल्यावर काकांनी बियाण्याला पाकिटातले विकतचे जिवाणू चोळून चवळी पेरली. महिन्यानं रोपं पिवळी पडली. लोक गॅलरीतून बघून कुजबुजायचे. जयेशभाईंना दया आली. "काका, थोडो युरिया नाखी दो ने. कोने खबर पडशे?"

काकांनी मान हलवली. "जयेशभाई, जन्मभर मीच तो बनवला. चार दिवसांत हिरवंगार होईल, ठाऊक आहे. पण आयतं मिळालं की झाड गाठी धरत नाही."

त्यांनी एक रोप उपटलं. मुळावर दोन-चार गाठी होत्या. फोडल्यावर आतून पांढऱ्या. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "चूक माझी. जिवाणूंचं पाकीट मी दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवलं. उन्हात मेले बिचारे."

त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताजं पाकीट आणलं, तेही ओल्या फडक्यात गुंडाळून. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं आणि दिवाणखान्यात पंख्याखाली, काकूंच्या जुन्या लुगड्यावर वाळत घातलं. गुळाला मुंग्या लागल्या. काकू झाडू घेऊन पहाऱ्याला बसल्या. "कारखान्यात असताना निदान घरात तरी काही आणत नव्हते हो!"

पुन्हा पेरणी झाली. पंचेचाळीस दिवसांनी, रविवारी सकाळी काकांनी मला हाक मारली. जयेशभाईही आले. काकांनी खुरप्यानं अलगद एक रोप काढलं. मुळावर गाठींचे घोसच्या घोस. मला म्हणाले, "तुम्ही फोडा."

मी नख लावलं. आत गुलाबी, जवळजवळ रक्तासारखं.

"अरे, आ तो लाल छे!" जयेशभाई ओरडले. काका मात्र इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं, "चालू झाला बघा."

त्या चवळीच्या कोवळ्या शेंगा घरोघरी वाटल्या गेल्या. उरलेली रोपं मातीत गाडली. हिवाळ्यात तिथेच मका लावला. खताचा दाणाही न टाकता तो माझ्या डोक्यावर गेला. पुढच्या मीटिंगमध्ये जयेशभाईंनीच ब्लॉकचा ठराव फाडला.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेले. पण मला ते दिसतात ते मका भाजला त्या संध्याकाळी. सगळी सोसायटी शेगडीभोवती जमलेली, काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत. दातांची पंचाईत, म्हणून काकू एकेक दाणा सोलून त्यांच्या हातावर ठेवत होत्या. काका तो उजेडाकडे धरून बघायचे, आणि तोंडात टाकून डोळे मिटायचे.