सासऱ्याच्या नावाची हाक

नोमवुझोचं वय पन्नाशीच्या घरातलं, पण गळा पंधरा वर्षांच्या पोरीचा. डोंगराच्या या अंगाला उभं राहून तिनं हाक मारली, की त्या अंगाची गुरं माना वर करायची. म्हणून तर मोंटी शहरातली सिनाझो गाडी काढून सेंटानेजवळच्या आमच्या गावात आली. ती कार्टूनचा सिनेमा करत होती. त्यातली पोर ठरलेलं लग्न मोडते, बापाची काठी उचलते आणि बायकांनी पाऊल टाकू नये अशा गुरांच्या कुंपणात खुशाल शिरते. त्या पोरीसाठी आवाज हवा होता.

नोमवुझो हरखून गेली. नवरा खाणीतून छाती पोखरून आला आणि गेला. त्यानंतर घरासाठी राब, यापलीकडे तिच्याकडं कुणी काही मागितलंच नव्हतं. स्टुडिओत तिनं पोरीचं रडणं दिलं, हसणं दिलं, बापाशी कडाकडा भांडण दिलं. काचेपलीकडची मंडळी टाळ्या पिटायची. मग शेवटचा प्रसंग आला. कड्यावरून ती पोर हरवलेल्या भावाला हाक मारते. भावाचं नाव बोनाकेले.

नोमवुझोची दातखीळच बसली. बोनाकेले हे तिच्या सासऱ्याचं नाव. आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्यासारखा वाजणारा शब्दसुद्धा ओठांवर आणत नाही. आमच्या भाषेत 'बघ'ला 'बोना' म्हणतात, तो शब्द त्या नावाशी जुळतो, म्हणून लग्न झाल्यापासून ती बिचारी 'डोळे टाक' म्हणत आली होती.

"मावशी, बाकीच्यांचे आवाज भरून झालेत," सिनाझो हळूच म्हणाली. "नाव आता बदलता येत नाही. तुम्हाला जमत नसेल तर सोमवारी दुसरीला बोलवावं लागेल. मग सगळंच तिच्या आवाजात."

घरी आल्यावर नणंदेनं, थोझामानं, ऐकलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. "वा गं वा! आज नाव घे, उद्या कुंपणात जाऊन नाच! ती पोर चित्रातली आहे. तिला सासर नाही. तुला आहे."

म्हातारा सासरा कुंपणाला टेकून बसला होता. डोळ्यांनी जवळजवळ आंधळा, तोंडात विझलेला पाइप. सुनेच्या रीतीनं नोमवुझो घरामागून वळसा घालून गेली आणि आंबट दुधातल्या मक्याचा वाडगा त्याच्यापुढं ठेवला.

"ताता, सिनेमात एक नाव घ्यायचंय. ते... तुमचंच आहे."

म्हाताऱ्यानं तोंडातला पाइप काढला. मग म्हणाला, "आई गेली. भाऊ गेले. माझ्याबरोबर डोंगरावर राहून, विधी करून जी पोरं पुरुष झाली, ती सगळी मातीत गेली. आता जो तो कुळाचं नाव घेतो, ताता म्हणतो. मान देतात मेले! मला नावानं हाक मारणारं कोण उरलंय? तू म्हण."

"नाही जमायचं, ताता. जीभ उचलत नाही."

"मग त्या पोरीचं सोंग कशाला घेतलंस? ती कुंपणात शिरते म्हणे. तुझ्याच्यानं एवढंही होत नाही?"

नोमवुझोला रडू फुटलं. सोमवारी आपली पोर दुसरीच्या गळ्यातून बोलणार, हे तिला सोसवेना. आणि नाव घेऊन या म्हाताऱ्याचा अपमान करणं तर त्याहून सोसवेना. पण मागत होता तो स्वतःच. तिनं खांद्यावरची शाल नीट केली, सासऱ्यापुढं सुनेनं उभं राहावं तशी उभी राहिली.

"बोनाकेले," ती पुटपुटली.

"कुणाला ऐकू गेलं? डोंगरापलीकडं आहे मी!"

मग तिनं डोळे मिटले आणि पोटातून हाक दिली. कुत्री भुंकली, शेजारणी दारात आल्या. थोझामा तावातावानं घराबाहेर धावली.

कुणी उठवल्याशिवाय कधी न उठणारा म्हातारा कुंपणाचा खुंट धरून उभा राहिला.

"ओ! आलो, आई!" म्हणत तो हात पुढं करून हाकेच्या दिशेनं चालू लागला. थोझामानं जाऊन बापाला धरलं आणि म्हणाली, "वहिनी, थांबू नकोस. अजून एकदा हाक मार."